खेळांतली गोम

गेल्या श्रावणांतली गोष्ट आहे. बारा वर्षांचा माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. दूरचित्रवाणीच्या पडद्याला त्यानें आपलें खेळण्याचें यंत्र जोडलें होतें आणि जुन्या व्हिडिओ गेमांच्या एका संचांतील 'सेंटिपीड' हा १९८१ सालचा खेळ तो मोठ्या तन्मयतेनें खेळत होता. पडद्यावर एक गोम वळणें घेत घेत खालीं येत होती आणि भाचा तिच्यावर गोळ्यांचा भडिमार करीत होता. इतक्यांत न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून एक खराखुरा पैसा, म्हणजे ज्याला कोणी वाणीहि म्हणतात तो किडा, सावकाश आंत आला. मीं सहज म्हटलें, "हा बघ, तुझ्या खेळांतल्या गोमेचा भाऊबंद घरांत आला." भाच्यानें खेळ थांबविला, किड्याकडे क्षणभर पाहिलें आणि विचारलें, "मामा, हा काय करतो?"

प्रश्न साधा होता, परंतु मला त्याचें उत्तर चटकन् देतां आलें नाहीं. भाच्याच्या खेळांत प्रत्येक प्राणी कांहींतरी करतो, आणि तें काय हें कळल्याशिवाय खेळ पुढें जात नाहीं. त्याच संवयीनें त्यानें खऱ्या किड्याविषयीं विचारलें. आम्हीं मोठ्या माणसांनीं हा प्रश्न उभ्या आयुष्यांत किती वेळां विचारला असेल? त्या दिवसापासून या खेळांतील प्राण्यांकडे मी जरा निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. त्याचें फळ म्हणजे प्रस्तुत लेख.

साहित्याला वाहिलेल्या मासिकांत पडद्यावरील खेळांची चर्चा कशासाठीं, असें कांहीं वाचक म्हणतील. त्यांना एवढेंच सांगावयाचें कीं, नाटकें पाहणें आणि कादंबऱ्या वाचणें हीं देखील एके काळीं मुलें बिघडल्याचीं लक्षणें समजलीं जात. पुढें त्यांच्यावर टीका लिहिली जाऊं लागली, आणि बरें कोणतें व वाईट कोणतें हें निवडण्याची संवय समाजाला लागली. आज ज्या घरांत वर्षाकाठीं चार पुस्तकें येत नाहींत त्या घरांतहि हे खेळ येऊन बसले आहेत. निंदा केल्यानें ते जाणार नाहींत. तेव्हां ते पारखून घेणें हेंच शहाणपणाचें. पारखावयाचें तर कसोटी पाहिजे. प्राण्यांपुरती ती कसोटी आपल्या जुन्या अलंकारशास्त्रांतच सांपडते, असें मला वाटतें.

दंडीनें 'काव्यादर्शां'त अर्थालंकार सांगतांना पहिला मान स्वभावोक्तीला दिला आहे. वस्तूचें रूप आणि तिची क्रिया जशी असेल तशी डोळ्यांपुढें उभी करणें म्हणजे स्वभावोक्ति. कुंतकाला हें पटलें नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, वस्तूचा स्वभाव हा वर्णनाचा विषयच होय. ज्या शरीरावर दागिना घालावयाचा तें शरीरच दागिना कसें होईल? त्याच्या मतें काव्याचा प्राण वक्रोक्ति, म्हणजे कवीनें सांगण्याला दिलेलें वळण. हा जुना वाद सोडविण्याचें येथें कारण नाहीं. आपल्याला त्यांतून दोन प्रश्न मिळतात तेवढे पुरेत: खेळांत प्राण्याचा स्वभाव किती उतरला आहे? आणि जेथें स्वभाव सोडला आहे तेथें त्याच्या मोबदल्यांत कांहीं मोलाचें हातीं लागलें आहे काय?

'शाकुंतला'च्या पहिल्या अंकांतील हरिण या ठिकाणीं आठवतें. दुष्यंत तेथें शिकारी म्हणूनच आला आहे. हातांत धनुष्य आहे, रथ भरधाव आहे. तरीहि धांवत असतां मान वळवून मागें पाहणारें तें भ्यालेलें जनावर त्याला अगदीं बारकाव्यानिशीं दिसतें. शिकाऱ्याच्या नजरेंतहि हरिण हरिणच राहतें. म्हणून खेळांत प्राणी मारले जातात, ही माझी तक्रार नाहीं. मारणाऱ्याला मारण्यापूर्वीं प्राणी दिसतो कीं नाहीं, हा माझा प्रश्न आहे.

प्रथम खऱ्या प्राण्यांची ओळख करून घेऊं. गोम आणि पैसा हे दोघेहि बहुपाद. पण त्यांचीं चरित्रें अगदीं भिन्न. गोमेच्या एकेका खंडाला पायांची एक जोडी असते, पैशाच्या बहुतेक खंडांना दोन. गोम शिकारी आहे. तिच्या डोक्यामागील पहिल्या पायांच्या जोडीला नांग्यांचें रूप आलेलें असून त्यांत विष असतें. पैसा कुजका पाला खातो आणि त्याची माती होण्यास हातभार लावतो. त्याच्यापाशीं दंश नाहीं. कोणी डिवचलें कीं अंगाची गुंडाळी करून तो नाण्यासारखा पडून राहतो, आणि फार झालें तर उग्र वासाचा स्राव सोडतो. कांहीं जातींच्या स्रावांत हायड्रोजन सायनाइडसारखें जहर असतें. थोडक्यांत, एकीचा धर्म झडप घालण्याचा, दुसऱ्याचा सोसण्याचा.

आतां 'सेंटिपीड'कडे वळूं. अटारी या अमेरिकन कंपनीसाठीं एड लॉग आणि डोना बेली यांनीं तो रचला. पडद्यावर अळंब्यांचें रान पसरलेलें असतें. वरून गोम येते. अळंबें किंवा पडद्याची कड आडवी आली कीं ती एक पायरी खालीं उतरून उलट दिशेला वळते. तिच्या मधल्या खंडाला गोळी लागली तर त्या खंडाचें अळंबें होतें आणि मागल्या तुकड्याला स्वतःचें डोकें फुटून एकीच्या दोन गोमा होतात. खालच्या भागांतलीं अळंबीं कमी झालीं कीं वरून पिसू कोसळते व नवीं पेरीत जाते. विंचू अळंबीं विषारी करून जातो, आणि अशा विषारी अळंब्याला गोमेचा स्पर्श झाला कीं ती वळणें सोडून सरळ खेळाडूवर येते. कोळी मारल्याचे गुण तो किती जवळ असतांना मारला यावर ३००, ६०० किंवा ९०० मिळतात. जितकी भीति अधिक तितकें बक्षीस मोठें.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें यांतलें फारच थोडें खरें आहे. गोम मधून तोडली तर तिच्या दोन गोमा होत नाहींत. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाहीं, एवढेंच आपली म्हण सांगते, आणि या बाबतींत म्हणीचें निरीक्षण खेळापेक्षां चोख आहे. तरीसुद्धां हा खेळ मला निकृष्ट वाटत नाहीं. आंधळेपणानें झाडलेली गोळी एका शत्रूचे दोन करते आणि मारलेलें प्रत्येक अंग पुढच्या वाटेंत अडथळा होऊन बसतें, या नियमांत एक विचार आहे. उतावीळ माणूस आपलीं संकटें आपल्याच हातांनीं वाढवितो, हें मुलाला उपदेशावांचून कळतें. येथें स्वभाव सोडला आहे खरा. पण वक्रोक्ति साधली आहे. कुंतकानें या खेळाला उत्तीर्ण केलें असतें.

त्याच्या मागोमाग १९८२ सालीं आलेल्या 'मिलिपीड'ला मात्र तोहि उत्तीर्ण करता ना. खेळाचें नांव पैशाचें. पण त्यांतल्या प्राण्याची चाल जुन्या गोमेचीच. पाला खाणारा, डिवचल्यास गुंडाळी करणारा जीव येथें आक्रमक होऊन अंगावर येतो. भोंवतीं मधमाशा, डास, चतुर, भुंगेरे यांची गर्दी केली आहे. आणि या सगळ्यांचा एकदम निकाल लावण्यासाठीं खेळाडूला डीडीटीचे बाँब दिले आहेत! राचेल कार्सन यांचें 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ सालीं प्रसिद्ध झालें. डीडीटीचा शेतींतला वापर अमेरिकेनें १९७२ सालीं बंद केला. त्यानंतर दहा वर्षांनीं त्याच देशांतला हा खेळ मधमाशी आणि डास यांना एकाच ढगांत गुदमरवितो, आणि त्यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नाहीं. 'सेंटिपीड'मध्यें निदान प्रत्येक किड्याला स्वतःचें असें काम होतें; येथें 'किडा' या एकाच शब्दांत सारे बुडाले. प्राण्यांची संख्या वाढली आणि त्यांचें दिसणें कमी झालें.

किडे झुंडीनें येतात तेव्हां ते आपल्यावरच चालून येतात, ही समजूत मुळांत खेळांची नव्हे, माणसाची आहे. मध्य जपानच्या डोंगराळ भागांत पैशाच्या वंशांतील एका जातीचे असंख्य किडे कांहीं वर्षांच्या अंतरानें रेल्वेच्या रुळांवर येतात व त्यांमुळें गाड्या थांबवाव्या लागतात. १९२० सालापासून याची नोंद आहे. तेथें त्यांना 'रेल्वेचे किडे' असेंच नांव पडलें. या जातीचें जीवनचक्र आठ वर्षांचें असून एका पिढीचे सारे किडे एकदमच प्रौढ होतात, हें सिद्ध करणारें संशोधन २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. सात वर्षें मातींत निमूटपणें वाढावयाचें आणि आठव्या वर्षीं जमिनीवर येऊन खाद्याच्या व जोडीदाराच्या शोधांत निघावयाचें, हा त्यांचा क्रम. वाटेंत आगगाडी आली याला ते काय करणार? आगगाडींतल्या माणसाला ती स्वारी वाटते. किडा आपल्या कामाला निघालेला असतो.

याच्या उलट, एका खेळानें पैशाचें खरें मर्म पकडलें आहे, आणि गंमत अशी कीं, त्या खेळाला आपण पैसा रंगविला याची वार्ताच नाहीं! टानेली अर्मांटो यांनीं नोकियाच्या ६११० या फोनसाठीं १९९७ सालीं केलेला 'स्नेक' आपल्यापैकीं पुष्कळांनीं खेळला असेल. आमच्या प्राध्यापकांच्या खोलींतहि तासांच्या मध्यें तो चालत असे. त्यांतला साप प्रत्येक घासाबरोबर एकेका तुकड्यानें लांब होत जातो. खरा साप असा वाढत नाहीं. तो कात टाकतो, मोठा होतो, पण त्याच्या कण्याचे मणके जन्मतः असतात तेवढेच राहतात. तुकड्यातुकड्यानें वाढतो तो पैसा. त्याच्या बहुतेक जातींचें पिल्लू अंड्यांतून बाहेर येतें तेव्हां त्याला पायांच्या तीनच जोड्या असतात. पुढें प्रत्येक कात टाकतांना नवे खंड व नवे पाय जोडले जातात. सहस्रपाद हें नांव त्याला पूर्वींपासून आहे. पण खरोखरी हजारांहून अधिक पाय असलेल्या जातीचें वर्णन २०२१ सालींच प्रथम प्रसिद्ध झालें. पश्चिम ऑस्ट्रेलियांत ६० मीटरपर्यंत खोल घेतलेल्या विंधनांत ती सांपडली. तिच्या एका मादीला १,३०६ पाय आहेत आणि डोळे मुळींच नाहींत. जमिनीखालच्या अंधारांत एकेक खंड जोडीत गेलेल्या त्या आंधळ्या जिवाचें चरित्र 'स्नेक'च्या काळ्या चौकटींत नकळत उमटलें आहे.

प्राण्याचा स्वभाव नसला तरी त्याचें रूप तरी खेळाला खरोखर लागतें काय? या प्रश्नाचें उत्तर 'ग्राउंडेड' या खेळानें आपल्या तोंडानें दिलें आहे. २०२२ सालीं पूर्ण स्वरूपांत आलेल्या या खेळांत मुंगीएवढीं झालेलीं मुलें अंगणाच्या गवतांत वावरतात. त्यांतील कोळी फारच भयंकर आहेत. ज्यांना कोळ्यांची भीति वाटते अशा खेळाडूंसाठीं त्यांत एक दयाळू सोय आहे: कोळ्याचें रूप पायरीपायरीनें सौम्य करतां येतें. पाय जातात, तपशील जातात, आणि शेवटीं नुसते तरंगते गोळे उरतात. ही सोय योग्यच आहे. कोणाच्या भीतीची थट्टा करूं नये. पण टीकाकारानें तेथें एक गोष्ट टिपून ठेवावी. कोळी निघून गेला, तरी खेळ बिनबोभाट चालूं राहतो! म्हणजे तेथें होता तो शत्रु. कोळी हा त्याचा अंगरखा होता. ज्या खेळांतून प्राणी काढून घेतां येतो आणि कांहीं बिघडत नाहीं, त्या खेळांत प्राणी नव्हताच असें समजावें.

कुतूहलाला जागा देणारेहि खेळ आहेत. 'पोकेमॉन'चे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणीं किडे गोळा करण्याचा नाद होता, आणि १९९६ सालीं आलेल्या त्यांच्या खेळांत त्या नादाचा आनंद आहे. मात्र सुरवंटाचें कोश आणि कोशाचें फुलपांखरूं होणें याला तेथें 'उत्क्रांति' म्हटलें आहे. तें खरें रूपांतर; उत्क्रांति एका जिवाच्या आयुष्यांत होत नाहीं. एका शब्दाच्या चुकीनें मुलांच्या मनांत केवढा घोंटाळा होतो, हें शाळेंतील शास्त्राच्या शिक्षकांना विचारावें. २०२० सालचा 'ॲनिमल क्रॉसिंग' हा खेळ या बाबतींत अधिक सुसंस्कृत आहे. तेथील किडे व मासे ठराविक ऋतूंत आणि ठराविक वेळींच दिसतात, आणि गोम मिळते ती दगडावर आघात केल्यावर. खरी गोमहि दिवसा दगडाखालीं दडून बसते. एवढासाच तपशील, पण तो स्वभावोक्तीचा आहे. तेथील संग्रहालयाचा घुबड अधिकारी किड्यांना पाहून शहारतो, आणि तरीहि त्यांची माहिती मनापासून सांगतो. किळस आणि जिज्ञासा एकाच मनांत नांदूं शकतात, हें त्या घुबडाकडून शिकण्यासारखें आहे.

या सर्वांत माझ्या मतें श्रेष्ठ ठरतो तो 'रेन वर्ल्ड' हा २०१७ सालचा खेळ. त्यांतला नायक मांजर आणि गोगलगाय यांच्या मिश्रणासारखा एक लहानसा जीव आहे. तो कोणाचा भक्षक, तर कोणाचें भक्ष्य. ठराविक काळानें प्रलयासारखा पाऊस येतो. त्यापूर्वीं पोट भरून आसरा गांठावयाचा, एवढाच त्याचा दिनक्रम. सरडे त्याची शिकार करतात, आणि आपसांतहि भांडतात. नायक दूर असला तरी तेथल्या प्राण्यांचे व्यवहार चालूंच राहतात. कोणाला मारल्यानें नायक बलवान होत नाहीं. या जगांतहि गोम आहे. तिचीं दोन्ही टोकें सारखींच दिसतात, आणि भक्ष्याला धरून ती विजेचा झटका देते. वीज ही कल्पनाच. पण टोकांची गोष्ट मला विलक्षण वाटली. खऱ्या गोमांच्या कांहीं जातींत शेवटच्या पायांची जोडी मिशांसारखी दिसते, आणि तोंड कोणतें व शेंपूट कोणतें याचा क्षणभर संभ्रम पडतो. पाहिल्याशिवाय असें सुचत नाहीं. येथें वक्रोक्ति आहे, पण ती स्वभावोक्तीच्या पोटांतून निघालेली आहे.

तथापि या उत्तम खेळालाहि एक मर्यादा आहे, आणि तीच या साऱ्या प्रकारांतली खरी गोम. खेळ खेळाडूला सतत एकच विचारीत असतो: आतां तूं काय करणार? म्हणून त्याला असेच प्राणी लागतात जे पळवितात, पकडतात, घास देतात किंवा घास घेतात. गोमेला तेथें मान आहे, पैशाला नाहीं. पाला खाऊन माती करणारा, कोणाच्या वाटेस न जाणारा जीव खेळाडूकडून कांहींच मागत नाहीं, आणि म्हणून खेळाला त्याचें काय करावें हें कळत नाहीं. 'मिलिपीड'नें त्याचें नांव घेतलें आणि त्याला गोम केलें, याचें कारण हेंच असावें. काव्य या ठिकाणीं खेळापेक्षां भाग्यवान् आहे. दुष्यंताला तापस थांबवितात, हें आश्रमाचें हरिण आहे असें सांगतात, आणि तो बाण उतरवून घेतो; नाटक तेथें संपत नाहीं, सुरू होतें. बाण उतरविल्यावर सुरू होणारा खेळ अजून विरळा आहे.

आमच्या पिढीनें या निमित्तानें नाक वर करण्याचें मात्र कारण नाहीं. आमच्या लहानपणीं घरांत असलीं यंत्रें नव्हतीं, म्हणून आम्ही किड्यामुंग्यांचे सोबती होतों असें नव्हे. गोम दिसली कीं चप्पल, आणि पैसा दिसला कीं काडी, हा आमचा शिरस्ता. मीं स्वतः कित्येक पैसे काडीनें डिवचून त्यांच्या गुंडाळ्या केल्या आहेत, आणि ती गुंडाळी पुन्हां उलगडेपर्यंत एकदांहि थांबलों नाहीं. गुंडाळी झाली कीं माझा खेळ संपत असे. हा दोष कोणत्या कंपनीनें माझ्या हातांत दिलेला नव्हता. तेव्हां पालकांना माझें सांगणें एवढेंच: मुलांच्या हातांतून यंत्र हिसकावून घेण्यापूर्वीं त्यांच्याजवळ बसून एकदां तो खेळ पाहावा. प्राणी खरोखर आहे कीं नुसता अंगरखा आहे, हें त्यांनाच विचारावें. मुलांना हा प्रश्न आवडतो, आणि त्यांचीं उत्तरें आपल्याहून चांगलीं असतात.

शेवटीं भाच्याचा प्रश्न उरतो. "हा काय करतो?" या त्याच्या बोलण्यावर मीं त्या दिवशीं जें आठवलें तें सांगितलें: कुजका पाला खातो, त्याची माती होते, आणि त्या मातींत झाडें वाढतात. "आणि आपल्याला?" त्यानें विचारलें. "आपल्याला कांहीं नाहीं," मीं म्हटलें. भाच्यानें वहीचा कागद पुढें सरकवून पैशाला त्यावर घेतलें. त्यानें लगेच गुंडाळी केली. कागद बागेंतल्या ओल्या पाल्यावर ठेवून भाचा उकिडवा बसून राहिला. पांच-सहा मिनिटें गेलीं असतील. मग ती गुंडाळी हळूच सैल झाली, पाय दिसूं लागले, आणि पैसा आमच्याकडे पाठ करून पाल्याखालीं निघून गेला. पन्नाशी उलटल्यावर मीं तें प्रथमच पाहिलें. घरांत पडद्यावरची गोम, जेथें सोडली होती तेथेंच, आमची वाट पाहत उभी होती.